खोबरेल थिजलं की थर्मामीटर काढा

पुण्यात थंडी आली हे कळायला हवामान खातं लागत नाही. बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली आणि थेंबही पडला नाही, की समजायचं, आली! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. म्हणजे प्रत्येक मराठी घरात एक फुकटचा तापमापक आहेच. अचूक नाही, पण प्रामाणिक.

आता या बाटलीचा आणि आजच्या विषयाचा संबंध काय? सांगतो. आजचा विषय आहे बिअर्डेड ड्रॅगन, आणि त्याला रात्री ऊब द्यायची की नाही, द्यायची तर किती आणि कशी.

हसू नका. गेल्या काही वर्षांत आपल्या आयटीवाल्या जमातीत हा प्राणी बऱ्यापैकी शिरला आहे. कारणं उघड आहेत. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, सोसायटीच्या कमिटीला पत्ता लागत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर खांद्यावर बसवला की टीममध्ये भाव वाढतो. नाव ड्रॅगन, पण जीव हातभर लांब, स्वभावाने गरीब, गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी केली की दाढी आल्यासारखी दिसते म्हणून ते नाव. मूळचा मध्य ऑस्ट्रेलियातला. कूळ मात्र आपल्या ओळखीचं, अ‍ॅगामिडी. आपला कुंपणावरचा लाल डोक्याचा सरडा त्याच कुळातला. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरचा तो निळ्या-नारिंगी पंख्यासारखा गळा उडवणारा सरडाही त्यातलाच. त्याच्या जातकुळीला शास्त्रज्ञांनी २०१६ साली अधिकृत नाव दिलं ते चक्क 'सरडा'! लॅटिन-बिटिन काही नाही, शुद्ध मराठी. मला हे वाचून उगाचच अभिमान वाटला होता. असो.

तर मुद्दा असा, की या प्राण्याच्या रात्रीच्या उबेबद्दल दोन पंथ आहेत. गंमत म्हणजे दोघांचं गृहीतक एकच आहे आणि निष्कर्ष बरोब्बर उलटे.

पहिला पंथ म्हणतो, "अरे, वाळवंटातला प्राणी आहे, त्याला थंडीची सवय असते. काही लावू नकोस." दुसरा म्हणतो, "अरे, वाळवंटातला प्राणी आहे, त्याला चोवीस तास गरम ठेव." हा दुसरा पंथ बहुतेक वेळा दुकानातून येतो, कारण त्यासोबत एक लाल बल्बही विकता येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुण्यात वर्षातले आठ-नऊ महिने रात्री काहीही लावायची गरज नाही. उरलेल्या तीन महिन्यांत बऱ्याच घरांत लागतं. लागतं की नाही हे ठरवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोजणं. आणि लावायचं असेल तर उजेड न देणारं, थर्मोस्टॅटवर चालणारं काहीतरी लावायचं. बास. पुढचं सगळं म्हणजे हे असं का, त्याचा पाल्हाळ :)

आधी पहिल्या पंथाकडे वळू, कारण त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्धसत्य जास्त त्रास देतं. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, हे सरडे त्या भागातले. तिथे जुलैत, म्हणजे त्यांच्या ऐन हिवाळ्यात, रात्रीचं सरासरी किमान तापमान चार अंशांच्या आसपास असतं. आपल्या पाषाणलाही लाजवेल अशी थंडी. तरी सरडे तिथे लाखो वर्षं टिकलेत. मग आपल्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये पंधरा-सोळा अंशांत काय होणार आहे त्याला?

फरक असा आहे. तिथला सरडा थंडी सुरू होताना खाणं कमी करतो, मग बंद करतो. अंगात चरबी साठवलेली असते. पोट रिकामं करून तो बिळात किंवा पाल्याखाली जातो आणि आठवडेच्या आठवडे पडून राहतो. माती रात्रीतून फारशी निवत नाही, त्यामुळे बाहेर चार अंश असले तरी आत तेवढे नसतात. आणि मधेच जाग आली तर सकाळी बाहेर खणखणीत ऊन असतं. हे सगळं तो स्वतः ठरवतो.

आपला सरडा काय करतो? संध्याकाळी सात-साडेसातला आपण ऑफिसातून येतो. आल्या आल्या प्रेमाने त्याला दहा-पंधरा झुरळं किंवा रातकिडे घालतो. साडेआठला दिवा बंद. पोट भरलेलं आणि तापमान घसरायला लागलेलं. काचेच्या पेटीत बीळ नाही, वर जाळीचं झाकण, म्हणजे होती नव्हती ती ऊब वरून पसार. दुसऱ्या दिवशी शनिवार असेल तर आपण उठणार दहाला, म्हणजे दिवाही दहाला लागणार. साडेतेरा तास तो जीव भरल्या पोटी गार पडून.

इथे त्याच्या शरीराचं गणित समजून घ्यावं लागेल. आपलं शरीर ३७ अंशांवर राहण्यासाठी आतून इंधन जाळतं. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, तीही उष्णता तयार करण्याचीच सोय. सरड्याकडे ही सोय नाही. तो कुडकुडत नाही. त्याची भट्टी बाहेर असते, ऊन किंवा दिवा. दिवसा हे सरडे स्वतःला ३५ अंशांच्या आसपास आणून ठेवतात, त्यासाठी बसायच्या जागेवर ३८ ते ४२ अंश लागतात. त्यांचं पचनही त्याच तापमानाला नीट चालतं. शरीर पंधरा अंशांवर आलं की पचन जवळजवळ थांबतं. पोटातलं अन्न मात्र थांबत नाही, ते कुजायला लागतं. हे एका रात्रीत होत नाही, एका रात्रीने कुणी मरतही नाही. पण रात्रीमागून रात्र असं चाललं की भूक जाते, वजन उतरतं, प्रतिकारशक्ती खालावते, आणि मग फुप्फुसाचा संसर्ग. तोंड उघडं टाकून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे... तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

कुत्रं असतं तर रात्री दोनला पांघरुणात घुसलं असतं. मांजराने तर तुम्हालाच बाहेर काढलं असतं. सरडा काहीच म्हणत नाही. माझ्या लेखी हाच या विषयातला खरा पेच आहे. ज्याची तक्रार ऐकू येत नाही असा जीव आपण घरात आणतो, तेव्हा ऐकण्याचं काम मीटरला द्यावं लागतं.

आता इंटरनेटवरच्या माहितीबद्दल. तिथली बहुतेक माहितीपत्रकं सांगतात की निरोगी, वयात आलेल्या बिअर्डेड ड्रॅगनला रात्री १८ ते २२ अंश पुरतात, आणि "घरात एरवी रात्री वेगळी ऊब लागत नाही". वाक्य अगदी बरोबर आहे. फक्त ते कुणाच्या घरासाठी लिहिलंय ते बघा. ते लिहिणारा माणूस इंग्लंड-अमेरिकेत बसलेला आहे. त्याच्या घराला सेंट्रल हीटिंग आहे, दुहेरी काचेच्या खिडक्या आहेत, भिंतीत इन्सुलेशन आहे. बाहेर बर्फ पडत असेल तरी त्याच्या दिवाणखान्यात १९-२० अंश असतात. माझा एक मित्र मिनेसोटात असतो. त्याच्याकडे बाहेर उणे वीस असताना तो घरात हाफ पँटवर फिरतो आणि डिसेंबरात पुण्याला आला की दोन स्वेटर घालून बसतो. म्हणतो, "तुमच्याकडे घरात थंडी असते रे!"

खरं आहे त्याचं. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, त्यांच्या फटी, बाथरूमची कायम उघडी झडप, गॅलरीचं न मिटणारं दार. बाहेरचं तापमान आत येतं, फक्त काही तास उशिरा आणि थोडं मवाळ होऊन. म्हणजे एका एन्व्हायर्नमेंटसाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन आपण दुसऱ्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये डोळे झाकून वापरतोय. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. "माझ्या मशीनवर चालतंय!"

मग पुण्यात रात्री नक्की किती असतं? या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय १९४४ साली दिल्लीला गेलं, पण नोंदी चालूच आहेत. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश. तसं काही आता रोज होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली उतरणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

पण "पुण्यात आज नऊ अंश" ही बातमी वाचून विश्रांतवाडीच्या माणसाने घाबरू नये. पाषाण, एनडीए, शिवाजीनगर हे थंड खिसे. आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र लोहगावचं, विमानतळाचं, आणि तिथलं किमान तापमान बहुतेक वेळा शिवाजीनगरपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. मगरपट्टा, वडगाव शेरी, कोरेगाव पार्क या भागांत तर कधी कधी दुसऱ्याच गावाचं तापमान वाटावं इतका फरक दिसतो. झाडं कमी, काँक्रीट जास्त, दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर निवत राहतात. म्हणजे एकाच रात्री पाषाणच्या सरड्याला हीटर लागेल आणि मगरपट्ट्याच्या सरड्याला लागणार नाही!

आणि हे झालं बाहेरचं. घरात तर खोली-खोलीला हवामान वेगळं. आमच्या शेजारच्या काकूंनी हे मला थर्मामीटरशिवाय समजावलं. त्या एकदा वाटीभर विरजण मागायला आल्या होत्या. मी तेव्हा पेटीवर वायरी जोडत बसलो होतो.

"काय रे, हे काय करतोयस?"

"काकू, सरड्यासाठी हीटर बसवतोय. रात्रीच्या थंडीला."

"अरे देवा! इथे माझ्या गुडघ्यांना शेक द्यायला कुणी नाही, आणि तू सरड्याला शेकतोस?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. त्या दोन मिनिटं पेटीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पण तू त्याला गॅलरीच्या भिंतीला का ठेवलायस? आमच्याकडे त्याच भिंतीला ओटा आहे. थंडीत तिथे दही लागत नाही माझं. फ्रिजच्या बाजूला ठेवलं की लागतं."

आता यावर काय बोलणार! दही लागणं, इडलीचं पीठ फुगणं, खोबरेल थिजणं ही आपल्या आया-काकूंची सेन्सर ग्रिड आहे आणि तिचा डेटा अनेक हिवाळ्यांचा आहे. पेटी गॅलरीच्या भिंतीपासून आतल्या भिंतीला सरकवणं, हे कुठल्याही हीटरच्या आधीचं पहिलं आणि फुकटचं काम आहे. पेटीच्या मागे आणि दोन बाजूंना बाहेरून थर्मोकोलचे तुकडे लावणं हे दुसरं (हीटरपासून लांब, हे सांगायला नको). फरशीवर ठेवलेली पेटी टेबलावर घेणं हे तिसरं, गार हवा खाली साचते. एवढं केलं की विश्रांतवाडी-धानोरी-कळस भागातल्या कितीतरी घरांत प्रश्न तिथेच मिटेल असं मला वाटतं.

नाही मिटला तर मोजा. किमान-कमाल लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याचा वायरवाला सेन्सर पेटीत, सरडा जिथे झोपतो त्या जागी, त्याच्या उंचीवर ठेवायचा. काचेला चिकटवायचा नाही, नाहीतर तो काचेचं तापमान सांगेल. रात्री झोपताना रीसेट, सकाळी किमान आकडा वहीत. आठवडाभर. बाटलीतलं खोबरेल थिजलं की हे सुरू करायचं. चोवीसला घाबरायचं कारण नसतं, पण थर्मामीटर काढायची वेळ झालेली असते. २०२० साली सोसायटीच्या गेटवर कपाळावर रोखायची ती बंदूक घरात धूळ खात असेल तर बघा, बऱ्याच बंदुकांत पृष्ठभाग मोजायचं सेटिंग असतं. दिवसा बसायचा दगड किती तापतो हे बघायला ती बरी.

मोठा, धडधाकट सरडा असेल आणि किमान आकडा १८ च्या वर राहत असेल, तर माझ्या मते काहीही लावू नका. पिल्लू असेल, आजारी असेल किंवा नुकताच घरी आणलेला असेल तर २१-२२ च्या खाली जाऊ देऊ नका. आजारपणात किती ठेवायचं हे मात्र व्हेटला विचारा, आणि सगळेच व्हेट सरपटणारे प्राणी बघत नाहीत, तेव्हा कोण बघतं हे प्राणी आजारी पडायच्या आधी शोधून ठेवा.

आता दुसरा पंथ, लाल बल्बवाला.

दुकानात सांगतात, "सर, लाल उजेड ह्यांना दिसतच नाही. रात्रभर ठेवा बिनधास्त." दिसतो! या सरड्यांची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सरस आहे, आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, त्यांच्यात चार. वर डोक्याच्या मधोमध एक 'तिसरा डोळा' असतो, बारीक ठिपक्याएवढा. चित्र दिसत नाही त्यातून, पण उजेड आहे की अंधार हे कळतं. तेव्हा देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखा लाल दिवा रात्रभर डोक्यावर लावायचा आणि त्याने झोपावं अशी अपेक्षा करायची, हा अन्याय आहे.

आणि झोप ही त्याच्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. २०१६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नेमक्या याच सरड्याच्या मेंदूचे रात्रभर आलेख घेतले. तोवर समज असा होता की गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अशी आलटून पालटून येणारी झोप सस्तन प्राणी आणि पक्षी यांचीच मिरास आहे. या सरड्यातही दोन्ही सापडल्या. आपल्यात एक आवर्तन साधारण दीड तासाचं, त्याच्यात सुमारे ८० सेकंदांचं! एका रात्रीत साडेतीनशेच्या आसपास आवर्तनं. सरड्याला आपल्यासारखी स्वप्नं पडतात असा याचा अर्थ नाही, पण रात्रीचा अंधार म्हणजे नुसता 'स्क्रीन ऑफ' नसतो, एवढं तरी यातून कळतं. रात्री थोडं गार होणंही त्याच वेळापत्रकाचा भाग आहे. चोवीस तास तीसच्या वर ठेवलेला प्राणी विसावत नाही.

हे बल्ब लावायचं लोण बहुधा पोल्ट्रीतून आलं असावं असा माझा तर्क आहे. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश लागतात आणि आपल्याकडे सर्रास त्यांच्यावर बल्ब टांगतात. पण तिथे एक गोष्ट वेगळी आहे. पिल्लांना गार वाटलं तर ती बल्बखाली गर्दी करतात, गरम झालं तर लांब पांगतात. पिल्लंच थर्मोस्टॅट! सरडा रात्री असं करत नाही. तो झोपला की झोपला, आणि गारठला असेल तर त्याला हलताही येत नाही. ऊब चार इंचांवर असली तरी तिच्याकडे जाणार कोण? म्हणून इथे थर्मोस्टॅट बाहेरूनच आणावा लागतो.

गरम दगड हा दुकानातला आणखी एक प्रकार. आत वायर असलेला खोटा दगड, त्यावर सरडा बसतो आणि पोट भाजून घेतो. या प्राण्यांना उष्णता वरून येते हे कळतं, सूर्य वर असतो ना! पोटाखाली चटका बसतोय हे त्यांना वेळेत उमगत नाही. पोटाखाली घालायच्या मॅटचंही थोड्याफार फरकाने तेच. माझ्या मते दोन्ही विकत घेऊ नयेत.

मग काय घ्यावं? सिरॅमिक हीट एमिटर. दिसायला बल्बसारखा पण चिनी मातीचा, उजेड शून्य, नुसती उष्णता. दोन सावधानता. एक, आपल्या घरातले होल्डर बहुतेक पिनवाले आणि हा असतो आटेवाला. नवा होल्डर घ्यावा लागतो आणि तो चिनी मातीचाच हवा. प्लास्टिकचा किंवा बेकलाइटचा या उष्णतेत आधी वास मारतो, मग वितळतो किंवा तडकतो. दोन, एमिटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचा पिंजरा हवाच. उजेड नसल्यामुळे तो चालू आहे की बंद हे दिसत नाही, सरड्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. हात लावून बघू नका.

आता माझ्या आवडीचा भाग, कंट्रोल लूप :)

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास हिंडलात की एसटीसी-१००० सारखा तापमान नियंत्रक स्वस्तात मिळतो. सेन्सर वाचतो, रिले चालू-बंद करतो, इतकं साधं. लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. सिरॅमिक तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. रिले बंद झाला तरी एमिटर काही मिनिटं ऊब सोडत राहतो, तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊन मग खाली येतं. म्हणून फरक दीड-दोन अंशांचा ठेवा. अर्ध्या अंशावर ठेवलात तर रात्रभर टक-टक ऐकाल आणि रिलेचं आयुष्य संपवाल. आणि उघडी सर्किट बोर्डं घेऊन २३० व्होल्ट त्यांच्यावर खेळवू नका, डब्यात बंद केलेलं घ्या किंवा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. घरात आई-बाबा, लहान मुलं असतात.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. हा लूप बिघडला तर काय? रिलेचे कॉन्टॅक्ट कधी कधी एकमेकांना वितळून चिकटतात, मग हीटर बंदच होत नाही. किंवा सेन्सर निसटून पेटीबाहेर पडतो, तो बाहेरची थंडी वाचत राहतो आणि हीटर रात्रभर पेटवत ठेवतो. थंडीने सरडा हळूहळू खचतो, पण अशा बिघाडात तो एका रात्रीत शिजतो. म्हणून माझं ठाम मत असं की सुरक्षितता थर्मोस्टॅटवर सोपवू नये, ती वॉटवर सोपवावी.

कसं ते बघा. पेटीचं तापमान खोलीपेक्षा किती वाढतं हे ढोबळमानाने वॉटच्या प्रमाणात असतं. समजा ६० वॉटचा एमिटर थर्मोस्टॅटशिवाय, तुम्ही समोर असताना, तीन तास चालवला आणि पेटी खोलीपेक्षा ८ अंश वर गेली. तर खोली १६ ला असेल तेव्हा पेटी जास्तीत जास्त २४ ला जाईल. थर्मोस्टॅट मेला तरी सरडा मरणार नाही, झोप जरा उबदार होईल इतकंच. हाच प्रयोग १५० वॉटने केलात तर वाढ २० अंश, म्हणजे ३६! तेव्हा दुकानदार म्हणाला "मोठाच घ्या, सेफ राहील", तर तो उलटं सांगतोय. सगळ्यात थंड रात्रीला जेमतेम पुरेल एवढाच हीटर घ्या. थर्मोस्टॅट आहेच, पण त्याचा मुक्काम दुसऱ्या फळीत.

विजेच्या बिलाची भीती घालणाऱ्यांसाठी: १०० वॉटचा एमिटर दहा तास अखंड चालला तर एक युनिट. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला तरी एकच युनिट. आंघोळीला जरा कमी वेळ लावा, सरड्याची रात्र निघाली! थर्मोस्टॅटवर तर तो त्याहून कमी वेळ चालतो. वीज गेली तर? पुण्यात आता रात्रीची वीज तासन्‌तास जाणं कमी झालंय, आणि एक-दोन तास गेलीच तर पेटीवर सुती चादर टाकावी (आधी एमिटरचा प्लग काढून, वीज आल्यावर चादरीखाली तो पेटायला नको). इन्व्हर्टरवर हीटर चालवायच्या भानगडीत पडू नये.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप एका सरड्यासाठी? तर कात्रजला जाऊन या. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली तिथे सर्पोद्यान सुरू केलं, आता ते महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. थंडी पडली की प्राणिसंग्रहालयांत सापांच्या पिंजऱ्यात ऊब करावी लागते, आणि हे साप इथलेच, याच मातीतले. पिंजऱ्यात ठेवलं म्हणजे बीळ काढून घेतलं, आणि बीळ काढून घेतलं की त्याची भरपाई करणं आलं. आपण तर प्राणी दुसऱ्या खंडातला आणलाय.

आणलाय हे म्हणताना एक गोष्ट सांगून टाकतो. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. बाजारात मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेले. घेताना बिल आणि पैदाशीचे कागद मागा, विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उठा आणि चालू लागा. आणि त्याच दुकानात कुणी हळूच "स्टार कासव पण आहे" किंवा "घोरपडीचं पिल्लू देतो" म्हणालं तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. तिथे हीटरची चर्चाच नको.

रोजचं वेळापत्रक मी असं ठेवतो. दिवसाचा दिवा टायमरवर, सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. माझी झोप आणि त्याची सकाळ यांचा संबंध तोडून टाकला आहे, शनिवारीसुद्धा. थंडीत खाणं सकाळी ऑफिसला निघायच्या आधी, दिवा लागून तास-दीड तास झाल्यावर, म्हणजे पचायला पूर्ण दिवस मिळतो. संध्याकाळी उशिरा काही नाही, कितीही केविलवाणा चेहरा केला तरी. रात्री एमिटर थर्मोस्टॅटवर, २० ला चालू आणि २२ ला बंद. डिसेंबरात तो स्वतःहून कमी खायला लागला, जास्त झोपायला लागला, तरी वजन टिकून असेल तर मी त्याला उठवत बसत नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन (आईला हा काटा वेगळा हवा होता, तो वेगळा आणून दिला आहे). वजन उतरायला लागलं तर मात्र ती झोप नव्हे, ते दुखणं, आणि सरळ व्हेट.

होळी झाली की एमिटरचा प्लग काढून, वायर गुंडाळून माळ्यावर टाकायचा, नुसता थर्मोस्टॅट खाली करून ठेवायचा नाही. एप्रिलमध्ये लोहगावचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा प्रश्न उलटा होतो, पेटीची गार बाजू गार कशी ठेवायची हा. आणि दिवसाच्या यूव्हीबी ट्यूबचं प्रकरण आणखी वेगळं, ती पेटलेली दिसते पण कामाची उरलेली नसते. त्यावर पुढच्या शनिवारी.